साबुदाणा, ट्यूब आणि चिंचोके: सोसायटीतल्या मुलांना अ‍ॅमेझॉन कसं शिकवावं

एकतीस वर्षं मी पुण्यातल्या एका मराठी शाळेत भूगोल शिकवला आणि त्यातली निदान वीस वर्षं विषुववृत्तीय वर्षावनाचा धडा अगदी वाईट शिकवला. फळ्यावर 'उष्ण व दमट हवामान, बारमाही पाऊस, घनदाट अरण्य. उत्पादने: रबर, महोगनी, एबनी' एवढं लिहायचं, मुलांनी ते उतरवून घ्यायचं, चाचणीत 'कारणे द्या'ला दोन गुण. शेवटी 'अ‍ॅमेझॉन म्हणजे पृथ्वीची फुफ्फुसं' हे वाक्य मी आवाज जरा खाली आणून म्हणायचे. वर्ग गंभीर व्हायचा. मग मधल्या सुट्टीची घंटा व्हायची, डबे उघडायचे, आणि गुरुवार असला तर दोन-चार डब्यांत साबुदाण्याची खिचडी हमखास असायची. त्या खिचडीचा आणि नुकत्याच संपलेल्या धड्याचा काही संबंध आहे, हे माझ्या डोक्यात उजाडायला निवृत्ती यावी लागली.

आता सहकारनगरातल्या आमच्या सोसायटीत दर मे महिन्यात एक रविवार मी मुलांना घेऊन बसते. सकाळी आठ ते साडेबारा. नऊ ते चौदा वयाची आठ-दहा मुलं पुरे. बाराच्या वर गेली की माझं भजन आणि त्यांचा गोंधळ. 'आमच्याकडेही करायचंय, कृती पाठवा' असं दोन-तीन जणींनी मागितलं, म्हणून एकदाचं लिहून काढते आहे.

एकच गोष्ट आधी सांगते, बाकी तुम्ही तुमच्या सोयीने बदला. सुरुवात फुफ्फुसांपासून करू नका. एक तर ते खरं नाही. ते जंगल दिवसा जेवढा प्राणवायू सोडतं, जवळजवळ तेवढा सगळा तिथलीच झाडं, बुरशी, वाळवी आणि सडणारा पाला वापरून टाकतात. आपल्या वाट्याला शिल्लक जवळपास शून्य. आणि दुसरं म्हणजे, फुफ्फुसं म्हटलं की तिथली माणसं गायब होतात. फुफ्फुसात कोण राहतं? सुरुवात हातातल्या वस्तूपासून करा. ती वस्तू तिथून इथवर आली कशी, कोणी आणली, पैसे कोणाला मिळाले, हे विचारत गेलं की जंगल, माणसं आणि व्यापार तिन्ही आपोआप येतात.

तयारी, जी जानेवारीतच सुरू होते

शेंद्रीची बोंडं जानेवारी-फेब्रुवारीत वाळतात. तांबूस, काटेरी, पण काटे मऊ. पुण्यात बागांमधून आणि जुन्या बंगल्यांच्या कुंपणाशी हे झाड दिसतं. आठ-दहा बोंडं मागून आणा आणि कागदी पिशवीत ठेवा. प्लॅस्टिकमध्ये बुरशी येते, माझ्या आली होती. मार्चमध्ये घरोघरी चिंच फोडतात तेव्हा चिंचोके टाकू देऊ नका. अडीचशे-तीनशे लागतील. सायकलची फाटकी ट्यूब कुठलाही पंक्चरवाला फुकट देतो. अप्पा बळवंत चौकातून दक्षिण अमेरिकेचा मोठा प्राकृतिक नकाशा आणा, राजकीय नको, आणि एक लाल कापडी बांधणीची चोपडी. पारदर्शक पिशव्या, सुतळी, कांद्याची जाळीदार पिशवी आणि अर्धा किलो लाल भोपळा. बस.

एक वस्तू मात्र आणू नका, ती म्हणजे नर्सरीतलं 'रबर प्लँट'. पहिल्या वर्षी मी ऐटीत ती कुंडी मधोमध ठेवली आणि 'हे पाहा अ‍ॅमेझॉनचं रबराचं झाड' म्हणून सांगितलं. मागे खुर्चीत एका मुलाचे केरळहून आलेले आजोबा बसले होते. त्यांची रबराची बाग आहे. ते काही बोलले नाहीत, कार्यक्रम संपल्यावर मला बाजूला घेऊन हळूच म्हणाले, 'टीचर, ते वडाच्या कुळातलं, आपल्या आसामकडचं.' खरंच आहे. कुंडीतलं ते फायकस इलास्टिका. टायरचं रबर देणारं झाड हेविया ब्राझिलिएन्सिस, ते एरंडाच्या कुळातलं, त्याला तीन-तीन पानांचे झुबके येतात. बघायचं असेल तर लांब जायला नको, सिंधुदुर्गात दोडामार्गकडे त्याच्या बागा आहेत.

आठ वाजता: पिशव्या बांधणं

मुलं आली की आधी हे काम. प्रत्येकाने जास्वंदीची किंवा तगरीची एकेक पानेरी फांदी निवडायची, तिच्यावर पारदर्शक पिशवी चढवायची, तोंड सुतळीने घट्ट आवळायचं आणि चिठ्ठीवर नाव लिहायचं. फांदी अर्धी सावलीतली घ्या. भर उन्हातली घेतली तर मे महिन्याच्या पुण्यात पानं पिशवीत शिजतात. आमच्या चेअरमनसाहेबांची जास्वंद एकदा शिजली आणि ते अजून विसरलेले नाहीत. बांधून झालं की सोडून द्या. बारा वाजता परत यायचं आहे.

नकाशा: मुठेपासून सुरू करा

नकाशा जमिनीवर पसरा, पण बोट त्याच्यावर ठेवण्याआधी विचारा: मुठेचं पाणी कुठल्या समुद्राला मिळतं? निम्मी मुलं अरबी समुद्र म्हणतात, कारण तो जवळ आहे. मग मुळा-मुठा, भीमा, कृष्णा असं करत बंगालच्या उपसागरापर्यंत न्या. उगम एका समुद्राच्या उंबऱ्यावर आणि वाट मात्र दुसऱ्या समुद्राची, ही आपल्या नद्यांची खोड. आता नकाशाकडे वळा. अ‍ॅमेझॉनची तीच खोड. पॅसिफिकपासून दोनशे किलोमीटरच्या आत अँडीजवर उगम, आणि तिथून पाठ फिरवून सुमारे ६,४०० किलोमीटर पूर्वेला अटलांटिकपर्यंत. पुणेकर मुलाला हे एकदा असं कळलं की ते विसरत नाही.

आकडे थोडेच द्या. खोरं सुमारे ७० लाख चौरस किलोमीटर, म्हणजे आपला भारत दोनदा ठेवून वर जागा उरेल. जगातल्या नद्या मिळून समुद्रात जेवढं गोडं पाणी ओततात त्याचा पाचवा हिस्सा ही एकटी ओतते. उतार किती? पुणे समुद्रसपाटीपासून ५६० मीटरवर आहे. मनाउस हे शहर समुद्रापासून नदीच्या वाटेने दीड हजार किलोमीटर आत आहे आणि तरी शंभर मीटरपेक्षा खाली! एवढ्या सपाटीवर पाणी वाहत नाही, पसरतं. पावसाळ्यात नदीकाठचं जंगल कित्येक ठिकाणी दहा मीटर आणि त्याहून जास्त पाण्याखाली जातं, आणि मासे झाडांमधून पोहत फळं खातात. तांबाकी नावाचा मासा रबराच्या बिया दाताने फोडून खातो. हे सांगितलं की दोन मिनिटं शांतता असते. त्या दोन मिनिटांत मनाउसजवळची काळ्या पाण्याची नेग्रो आणि गढूळ सोलिमोइस दाखवून घ्या. दोघी सहा किलोमीटर शेजारी शेजारी वाहतात पण मिसळत नाहीत. आणि मुख्य अ‍ॅमेझॉनवर कुठेही पूल नाही, हेही सांगा. 'एकही नाही?' एकही नाही. मुठेवरचे पूल मोजायला लावा, म्हणजे अजून थोडा वेळ जातो.

नऊ वाजता: खिचडी, आणि तिची चौकशी

खिचडी आयत्या वेळी नको, आधी करून ठेवा. पण जिन्नस वाट्यांमधून वेगळे मांडा आणि मुलांना म्हणा, प्रत्येक वाटी नकाशावर तिच्या माहेरी ठेवा. साबुदाणा ज्या कंदापासून होतो तो कसावा अ‍ॅमेझॉनच्या नैर्ऋत्य कडेला माणसाळवला गेला. शेंगदाणा दक्षिण बोलिव्हियाच्या बाजूचा. बटाटा अँडीजवरचा. मिरची मेक्सिकोकडची, म्हणून नकाशाच्या वरच्या कडेला. वाट्या ठेवून झाल्या की नकाशाबाहेर उरतात तूप, जिरं आणि मीठ. एका आजींनी हे पाहून मला विचारलं होतं, 'म्हणजे इतकी वर्षं आमचा उपवास मोडतच होता म्हणायचा!' मी म्हटलं, मोडला नाही आजी, लांबून आला.

इथे मात्र घाई करू नका, कारण सगळ्या दिवसातलं सर्वांत हुशार तंत्रज्ञान या वाटीत आहे. कडू कसाव्याच्या कंदात सायनाइड तयार होतं. कच्चा खाल्ला तर माणूस दगावतो. तरी अ‍ॅमेझॉनच्या लोकांनी तोच जास्त लावला, कारण जे आपल्याला मारतं ते उंदीर-किड्यांनाही लांब ठेवतं. मग त्याचं विष काढायची युक्ती त्यांनी, बहुतेक ठिकाणी बायकांनी, बसवली. कंद किसायचा. कीस 'तिपिती' नावाच्या विणलेल्या लांबट नळीत भरायचा. नळी आढ्याला टांगायची आणि खालचं टोक दांड्याने ओढायचं. विण तिरकी असल्यामुळे नळी ओढली की लांब आणि अरुंद होते आणि आतला कीस पिळून निघतो. श्रीखंडाला चक्का टांगतो तसंच, फक्त इथे पिळायला वजन नाही, विणच पिळते. हे दाखवायला कांद्याची जाळी घ्या, त्यात किसलेला भोपळा भरा, एकाने वरचं टोक धरायचं आणि दुसऱ्याने खालचं ओढायचं. खाली परात ठेवा. रस असा गळतो की मुलं ओरडतात.

पिळलेला चोथा भाजला की 'फारिन्या', तिथलं रोजचं अन्न, महिनोन्‌महिने टिकणारं. विषारी रस बराच वेळ उकळला की विष उडून जातं आणि 'तुकुपी' नावाचं आंबट कालवण उरतं. आणि रसाच्या तळाशी जो पांढरा साका बसतो तो टॅपिओका; हा शब्दच मुळी तिथल्या आदिवासींच्या तुपी भाषेतला. आपला साबुदाणा म्हणजे तोच साका, दाणे पाडून भाजलेला. पोर्तुगिजांनी कसावा केरळात आणला, आणि आज आपल्याकडचा साबुदाणा बहुतेक तामिळनाडूतल्या सेलमच्या बाजूने येतो. नाव मात्र दुसऱ्याच झाडाचं, मलायाकडच्या सागू ताडाचं. माणूस एकाचा, आडनाव दुसऱ्याचं.

खाता खाता माणसांबद्दल बोला. मुलं विचारतातच, 'ते कपडे घालतात का?' या प्रश्नावर रागावू नका, पण उत्तर आकड्याने द्या. ब्राझीलच्या २०२२ च्या जनगणनेत सुमारे १७ लाख आदिवासी नोंदले गेले, त्यातले निम्म्याहून जास्त आदिवासी राखीव प्रदेशांच्या बाहेर राहतात, आणि सर्वांत मोठी संख्या ज्या एका शहरात निघाली ते मनाउस. म्हणजे ते शाळेत जातात, बसने फिरतात, निवडणुकीला उभे राहतात; आणि काही थोडे गट असेही आहेत ज्यांना बाहेरच्यांशी संबंधच नको आहे. दोन्ही खरं. पिसांचे मुकुट करणं, तोंड रंगवून 'हू हू' करणं माझ्याकडे बंद. एका वर्षी एका उत्साही आईने मुकुट करून आणले होते. मी ते कपाटात ठेवले आणि तिने पुढच्या वर्षी मुलाला पाठवलं नाही. चालायचंच.

'अस्पर्श जंगल' हा शब्दही टाळा. १५४१-४२ मध्ये फ्रान्सिस्को दे ओरेयाना नदीने अँडीजपासून समुद्रापर्यंत गेला, तेव्हा त्याच्याबरोबरच्या कार्वाहाल नावाच्या पाद्र्याने काठाकाठाने दाट वस्त्या पाहिल्याचं लिहून ठेवलं. नंतरच्या लोकांना जंगलच दिसलं, म्हणून त्याला थापाड्या ठरवलं गेलं. मधल्या काळात देवी आणि गोवर येऊन गेले होते. आता जमिनीखालून काळी माती निघते, कोळसा, हाडं आणि खापरं मिसळलेली, माणसांनी शतकानुशतकं तयार केलेली. तिथली मूळ माती पावसाने धुतलेली, निकस. आपल्या कोकणातल्या जांभ्याची चुलत बहीण. त्यात हे काळे पट्टे. अलीकडे विमानातून लेझरने मोजणी केल्यावर बोलिव्हिया आणि इक्वेडोरमध्ये जंगलाखाली रस्ते, बांध, चौथरे सापडले आहेत. पाद्री खोटारडा नव्हता.

शेंद्री आणि कैलासपती

आता बोंडं फोडा. आत दाण्यांवर लाल मेण असतं. तळहातावर दोन दाणे चोळा, रंग दिवसभर जात नाही. पांढरे कपडे घालून येऊ नका, हे आदल्या दिवशी सांगायला मी दरवर्षी विसरते. अ‍ॅमेझॉनचे लोक हा रंग अंगाला लावतात. आपल्याकडे लोणी-चीजला पिवळेपणा यायला तोच वापरतात. झाडाचं शास्त्रीय नाव बिक्सा ओरेयाना, म्हणजे मघाचा तोच ओरेयाना. झाड लोकांचं, रंग लोकांचा, नाव मात्र पाहुण्याचं.

जवळपास कैलासपती असेल तर तिथवर चालत जा. फूल हातात घेऊन नीट बघा: पाकळ्यांच्या मध्ये पिंडीसारखा उंचवटा आणि वर नागफणीसारखी वळलेली झालर. देवळापाशी लावतात म्हणून सगळ्यांना वाटतं हे पुराणातलं झाड. ते आलं दक्षिण अमेरिकेच्या जंगलातून. फणीतले परागकण म्हणजे मधमाश्यांसाठी नुसता खाऊ, त्यातून बी धरत नाही. खरे परागकण खालच्या कड्यात असतात. मधमाशी वर खाऊ खायला शिरते आणि तिच्या पाठीला खालचे खरे परागकण चिकटतात. ब्राझील नट याच कुळातला. त्याचं दोन किलोपर्यंतचं कवच उंचावरून पडतं, ते अगूती नावाचा सशाएवढा कुरतडणारा प्राणी दातांनी उघडतो, बिया पुरून ठेवतो आणि काही विसरतो. विसरलेल्यांची झाडं होतात. कैलासपतीचा तोफगोळ्यासारखा गोळा मात्र घरी आणून फोडू नका. मी पार्किंगमध्ये फोडला होता. तो वास चार दिवस होता आणि फलकावर सूचना दोन आठवडे.

साडेदहा: वहीचा खेळ

हा दिवसाचा गाभा. याला तासभर द्या.

आधी ट्यूब हातात फिरवा. पुणे एके काळी सायकलींचं शहर होतं. मुलांच्या आजोबांना विचारा, लक्ष्मी रोडवर संध्याकाळी काय दिसायचं. कच्चं रबर उन्हात चिकट आणि थंडीत कडक होतं. १८३९ मध्ये चार्ल्स गुडइयरने गंधक घालून तापवल्यावर ते दोन्ही ऋतूंत शहाण्यासारखं वागू लागलं. १८८८ मध्ये डनलॉपने हवेचा टायर काढला, युरोप-अमेरिकेत सायकलींचं वेड पसरलं, मागून मोटारी आल्या. आणि चांगलं रबर तेव्हा जवळजवळ एकाच ठिकाणी होतं.

तिथे झाडं बागेसारखी रांगेत नसतात. एका झाडापासून दुसरं लांब, मध्ये इतर शेकडो जाती. सेरिंगेइरो, म्हणजे चीक काढणारा, पहाटे अंधारात कंदील घेऊन निघायचा, झाडाझाडाला तिरकी चीर पाडून वाटी लावायचा, परत फिरताना चीक गोळा करायचा, आणि दुपारी ताडाच्या बियांच्या धुरावर एकेक थर देत त्याचा मोठा गोळा करायचा. हे सगळं उधारीवर.

आता खेळ. चिंचोके पार्किंगमध्ये, कुंड्यांच्या मागे, जिन्याखाली पसरून ठेवा. तुम्ही दुकानदार. लाल चोपडीत प्रत्येक मुलाच्या नावाने शंभर रुपये उधार मांडा: कोयता, वाट्या, कंदील, बोटीचं भाडं. नियम तीन. माल याच दुकानातून घ्यायचा, चिंचोके याच दुकानात विकायचे आणि वही बघायची नाही.

पहिली फेरी दहा मिनिटांची. एका मुलीने चोवीस आणले. चार 'मातीचे' म्हणून बाद करा. वीस गुणिले दोन, चाळीस जमा. पंधरवड्याचं धान्य तीस. उरले नव्वद, वर व्याज दहा: पुन्हा शंभर! दुसऱ्या फेरीत सांगा, लंडनचा भाव पडला, चिंचोका एक रुपया. बावीस आणले, दोन बाद, वीस जमा, धान्य तीस, व्याज दहा: एकशेवीस. तिसऱ्या फेरीत भाव परत दोन, पण नदीला पाणी कमी, बोट उशिरा, धान्य पस्तीस. पंचवीस आणले, पाच बाद, चाळीस जमा, वर व्याज दहा: सव्वाशे. तीन फेऱ्या धावून मूळ कर्जापेक्षा जास्त. कोणीतरी ओरडतंच, 'काकू, हे चीटिंग आहे!' ओरडू द्या. मोठी मुलं वही हिसकावायला येतात, तीही येऊ द्या. एखादं गेटबाहेर पळतं. त्याला परत आणा आणि मग खाली बसवून खरं सांगा.

या पद्धतीला तिथे 'आव्हियामेंतु' म्हणत. ब्राझीलच्या दुष्काळी ईशान्येकडून आलेले हजारो लोक असे वहीत अडकले. आदिवासींची गत त्याहून वाईट. पेरू-कोलंबिया सीमेवरच्या पुतुमायो नदीकाठी हुलिओ सेसार आराना याच्या कंपनीने उइतोतो, बोरा आणि इतर लोकांकडून चाबकाच्या धाकाने रबर काढून घेतलं. वजन कमी भरलं की फटके, पळालं की पाठलाग. कंपनी लंडनला नोंदलेली होती, म्हणून ब्रिटिश सरकारने १९१० मध्ये रॉजर केसमेंटला चौकशीला पाठवलं. अहवाल १९१२ मध्ये छापला गेला. मेले ते हजारोंनी. याची छायाचित्रं मिळतात; मुलांना दाखवू नका, सांगितलेलं पुरतं.

पैसा गेला कुठे? मनाउसला. तिथे १८९६ मध्ये जंगलाच्या मधोमध ऑपेरा नाट्यगृह उघडलं. घुमटावर ३६,००० रंगीत कौलं, लोखंड आणि संगमरवर युरोपातून आणलेलं. बालगंधर्व रंगमंदिर माहीत असलेल्या मुलांना विचारा, हे बांधायला किती चिंचोके लागले असतील. एकाने चोपडीत हिशेब करायला घेतला होता.

मग हे संपलं कसं? १८७६ मध्ये हेन्री विकहॅम या इंग्रजाने तापाजोस नदीकाठून सुमारे ७०,००० बिया बोटीने लंडनच्या क्यू बागेत नेल्या. शेकडा चारही धड उगवल्या नाहीत. पण जी रोपं झाली ती सिलोनला आणि पुढे मलायाला गेली. १९१३ च्या सुमारास आशियातल्या बागांनी जंगली रबराला मागे टाकलं आणि मनाउसचे दिवे मंदावले. विकहॅमला चोर म्हणायचं का, यावर मुलांचे दोन गट पाडून भांडू द्या. बिया बाहेर न्यायला बंदी करणारा कायदा तेव्हा ब्राझीलमध्ये नव्हता. माझं मत मी शेवटी सांगते: चोपडीतल्या व्याजापेक्षा ते पाप लहान.

आणि हेन्री फोर्डची गंमत सांगायला विसरू नका. १९२८ मध्ये त्याने तापाजोसकाठी 'फोर्डलँडिया' वसवलं, अमेरिकन घरं, शिट्टीवर काम, आणि रबराची झाडं ओळीने एकमेकांना खेटून. पानांवर बुरशी आली आणि शेजारून शेजारी पसरत बाग खलास झाली. जंगलात ती झाडं लांब लांब का उभी होती, याचं उत्तर त्याला लाखो डॉलर देऊन मिळालं. १९४५ मध्ये सगळं ब्राझीलला परत दिलं. आशियातल्या बागांत ती बुरशी पोचलीच नाही, म्हणून आपल्या सायकली चालल्या.

अलीकडचं, थोडक्यात

मुलं एव्हाना दमलेली असतात. दोन गोष्टी सांगा. १९७० मध्ये ब्राझीलच्या लष्करी सरकारने जंगलातून महामार्ग काढायला घेतला. घोषणा होती, 'माणसांविना असलेली जमीन, जमिनीविना असलेल्या माणसांसाठी.' सकाळपासून जे ऐकलं ते आठवून मुलंच हसतात. रस्त्यामागून गुरं आली. तोडलेल्या जंगलाची बरीचशी जागा आज कुरणं आहेत. सेरिंगेइरोच्याच घरात जन्मलेला शिकू मेंदेस साथीदारांना घेऊन करवतींसमोर उभा राहिला. २२ डिसेंबर १९८८ रोजी शापुरी गावात त्याच्या घराच्या मागच्या दारात त्याला गोळी घातली. त्यानंतर जंगल उभं ठेवून चीक आणि ब्राझील नट काढायचे राखीव प्रदेश झाले. एकाला त्याचंच नाव आहे.

दुसरी गोष्ट मापाची. ब्राझीलची अंतराळसंस्था १९८८ पासून उपग्रहावरून तोड मोजते. पुणे जिल्हा १५,६४३ चौरस किलोमीटरचा. २००४ साली एका वर्षात अ‍ॅमेझॉन तुटलं सुमारे २७,८००, म्हणजे पावणेदोन पुणे जिल्हे, जुन्नरपासून भोर-इंदापूरपर्यंत सगळं धरून. २०१२ साली ते ४,६०० च्या आसपास आलं. २०२१ मध्ये परत १३,००० वर, २०२४ मध्ये ६,३०० च्या जवळ. नुसतं 'जंगल संपत चाललं' म्हणण्यापेक्षा हे वर-खाली दाखवा. कायदा, पहारा आणि सरकार बदललं की आकडा बदलतो, हे दहा वर्षांच्या मुलालाही दिसतं.

बारा वाजता: पिशव्या सोडणं

आता अंगणात. पिशव्या आतून धुरकट झालेल्या असतात, कोपऱ्यात पाणी साठलेलं. एकेक सोडा आणि चमच्याने मोजा: कोणाचा एक चमचा, कोणाचा दोन. हे पाणी झाडाने मुळातून ओढून पानातून सोडलेलं. अ‍ॅमेझॉनमध्ये अटलांटिकवरून आलेले ढग एकदा पडतात, झाडं ते पाणी परत हवेत सोडतात आणि ते पुढे पश्चिमेला जाऊन पुन्हा पडतं. एनेआस सालाती या ब्राझिलियन शास्त्रज्ञाने १९७० च्या दशकात दाखवलं की तिथला जवळजवळ निम्मा पाऊस असा जंगलाने स्वतःच फिरवलेला असतो. वाऱ्याबरोबर पुढे जाणाऱ्या या बाष्पाला तिथे 'उडत्या नद्या' म्हणतात. मुलांना नकाशावर पूर्वेकडून पश्चिमेकडे बोट फिरवायला लावा, अँडीजला आपटून दक्षिणेला वळवा. 'म्हणजे झाडं तोडली तर पुढच्या गावाचा पाऊस जातो?' हा प्रश्न दरवर्षी कोणी ना कोणी विचारतं. तुम्ही आधी उत्तर देऊ नका, वाट बघा.

आवरताना नकाशा पुसून गुंडाळा, शेंद्रीचे हात साबणाने दोनदा धुवून घ्या, आणि चिंचोके मोजून डब्यात भरा, पुढच्या वर्षी लागतात. गेल्या वर्षी सात कमी भरले. जिच्या नावावर सव्वाशे निघाले होते तिने ते खिशात घातल्याचं मी पाहिलं होतं. चोपडीत नोंद केली नाही.